शिकागोत नव्याने आलेल्यांसाठी: पहिला सामना पाहायला जाण्याआधी

शिकागोतले क्रीडासंघ समजून घ्यायचे असतील तर खेळांच्या नियमांपासून सुरुवात करू नये. आधी रेड लाइनचा नकाशा समोर घ्यावा. उत्तरेला हॉवर्ड आणि दक्षिणेला ९५ वा रस्ता यांच्यामध्ये अहोरात्र धावणाऱ्या या एका गाडीच्या वाटेवर लोयोला विद्यापीठ, कब्ज या बेसबॉल संघाचे रिग्ली फील्ड, डीपॉल विद्यापीठ, बेअर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे सोल्जर फील्ड, स्काय हा महिलांचा बास्केटबॉल संघ खेळतो ते विंट्रस्ट अरिना आणि व्हाइट सॉक्स या दुसऱ्या बेसबॉल संघाचे रेट फील्ड अशी ठिकाणे एकामागून एक येतात. काही अगदी स्थानकाला लागून आहेत, काहींना दहा-वीस मिनिटे चालावे लागते. हॉवर्डला गाडी बदलून पर्पल लाइन धरली की एव्हन्स्टनचे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठही आवाक्यात येते. युनायटेड सेंटर, म्हणजे बुल्स (बास्केटबॉल) आणि ब्लॅकहॉक्स (आइस हॉकी) यांचे घर, तेवढे पश्चिमेला बाजूला राहते. नव्या माणसाला हा नकाशा नियमपुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडतो, कारण या शहरात कोणता संघ आपला मानायचा हे पुष्कळदा खेळावरून नव्हे, तर घराच्या पत्त्यावरून ठरते.

पहिली पायरी: आपण कोणत्या बाजूचे, ते ओळखावे

शिकागोतले सगळे पत्ते स्टेट आणि मॅडिसन या दोन रस्त्यांच्या चौकापासून मोजले जातात. रिग्ली फील्ड ज्या अ‍ॅडिसन रस्त्यावर आहे तो या चौकाच्या उत्तरेला सुमारे साडेचार मैलांवर, आणि रेट फील्ड ज्या ३५ व्या रस्त्यावर आहे तो दक्षिणेला साडेतीन मैलांवर. शहराची नॉर्थ साइड कब्जची आणि साउथ साइड व्हाइट सॉक्सची, अशी ही वाटणी शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०६ साली हे दोन संघ वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम लढतीत, समोरासमोर आले होते. त्या हंगामात ११६ सामने जिंकलेल्या कब्जना, फलंदाजीत दुबळे म्हणून हिणवल्या जाणाऱ्या व्हाइट सॉक्सनी ४-२ असे हरवले, आणि साउथ साइडची जुनी मंडळी हे आजही ऐकवतात.

नवख्या माणसाने याबाबत एवढेच पथ्य पाळावे की, साउथ साइडच्या सहकाऱ्यापुढे कब्जना ‘शिकागोचा संघ’ म्हणू नये. दोन्ही संघ आवडतात असे सांगणाऱ्याकडेही इथले लोक जरा संशयानेच पाहतात. २०२५ च्या मे महिन्यात शिकागोत जन्मलेले पोप लिओ चौदावे निवडले गेले, तेव्हा शहरात धर्मचर्चेच्या बरोबरीने ते कब्जचे की सॉक्सचे यावर वाद झाला. ते सॉक्सचे निघाले. २००५ च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना पाहायला ते मैदानावर हजर होते, आणि ते बसले होते त्या १४० क्रमांकाच्या विभागात आता त्यांचे चित्र लावलेले आहे.

नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग या उपनगरांत मराठी कुटुंबे बरीच आहेत, आणि तिथे ही रेषा पुसट होते. उपनगरात राहणाऱ्याने शेजारी, मुलांच्या शाळेतले मित्र किंवा आपली मेट्रा ही उपनगरी रेल्वेगाडी यांपैकी कोणताही आधार घेऊन संघ निवडला तरी चालते. बेअर्स, बुल्स आणि ब्लॅकहॉक्स यांच्याबाबत तर प्रश्नच येत नाही. ते सगळ्यांचे आहेत.

दुसरी पायरी: महिना पाहावा, मग खेळ निवडावा

भारतातून येणाऱ्याच्या मनात क्रिकेटची सवय असते, म्हणजे एकच खेळ आणि वर्षभर. इथे ऋतू बदलला की खेळ बदलतो. बेसबॉल मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत चालतो आणि संघ बाद फेरीत गेला तर ऑक्टोबरही त्यात जातो. अमेरिकन फुटबॉल सप्टेंबर ते जानेवारी. त्यात शनिवार बहुधा कॉलेजांचा आणि रविवार व्यावसायिक संघांचा. बास्केटबॉल आणि आइस हॉकी ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत. महिलांचा व्यावसायिक बास्केटबॉल मात्र मे ते सप्टेंबर या उन्हाळी महिन्यांत असतो. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, तो इथे ‘सॉकर’.

ऑगस्टमध्ये शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला त्यामुळे बेसबॉलचे शेवटचे सहा आठवडे मिळतात, आणि डिसेंबरात नोकरीसाठी आलेल्याला छपराखालचे खेळ. सप्टेंबरात एक अडचण आपल्या मंडळींची म्हणून सांगून ठेवतो. गणेशोत्सवाचे कार्यक्रम इथे सोयीसाठी शनिवार-रविवारी होतात, आणि त्याच रविवारी दुपारी बेअर्सचा सामना असतो. आरतीच्या वेळी मागच्या रांगेत काही जण फोनमध्ये डोके घालून उभे दिसले, तर ते कचेरीचे काम करत नसतात.

तिसरी पायरी: पहिला सामना बेसबॉलचाच निवडावा

याचे कारण साधे हिशेबाचे आहे. बेसबॉलचा संघ हंगामात १६२ सामने खेळतो आणि त्यांपैकी ८१ घरच्या मैदानावर होतात. बुल्सचे घरचे सामने ४१, आणि बेअर्सचे फक्त ८ किंवा ९. त्यात सोल्जर फील्डची आसनक्षमता सुमारे ६१,५००, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या मैदानांत सर्वांत कमी. तिकिटाची किंमत मागणीनुसार रोज बदलत असल्यामुळे, जो सामना वर्षातून आठदा होतो त्याचे तिकीट महाग आणि जो एक्याऐंशी वेळा होतो त्याचे स्वस्त, हे ओघानेच आले. शिवाय बेसबॉलमध्ये क्रिकेट पाहिलेल्या माणसाचे डोळे लवकर रुळतात, आणि मैदानावर गप्पा मारायला, खायला व शेजाऱ्याला नियम विचारायला भरपूर सवड असते.

एप्रिल, मे किंवा सप्टेंबर महिन्यातला, सोमवार ते गुरुवार यांपैकी एखाद्या दिवसाचा, साध्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा सामना शोधावा. कब्ज विरुद्ध सेंट लुइस कार्डिनल्स, कब्ज विरुद्ध व्हाइट सॉक्स, किंवा न्यूयॉर्क यँकीज पाहुणे असतील ते दिवस पहिल्या खेपेला टाळावेत. दोन मैदानांपैकी कुठले, असे विचारले तर माझे मत असे की देखणेपणासाठी रिग्ली आणि खिशासाठी रेट फील्ड. व्हाइट सॉक्सनी २०२४ मध्ये १२१ सामने गमावले, हा एका हंगामातल्या पराभवांचा आधुनिक काळातला विक्रम आहे. अशा संघाच्या मैदानावर आठवड्याच्या मधल्या दिवशी ऐसपैस बसायला मिळते. इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना तर हे मैदान महामार्गावरचा पूल ओलांडला की चालत गाठता येते. त्यांपैकी कित्येक जण दोन वर्षे नुसते दिवे पाहतात आणि आत न जाता पदवी घेऊन निघून जातात, याचे मला नवल वाटते.

मुले लहान असतील आणि शहरात जाणे जड वाटत असेल, तर शॉमबर्गमध्ये बूमर्स नावाचा छोट्या लीगचा बेसबॉल संघ आहे आणि रोझमाँटला शिकागो डॉग्ज. गाडी लावायला जागा, मुलांना पळायला मोकळे मैदान आणि खेळाडू हाकेच्या अंतरावर, अशी तिथली मजा असते. हिवाळ्यात हीच सोय रोझमाँटमध्ये शिकागो वूल्व्ज या दुसऱ्या फळीच्या हॉकी संघाकडे मिळते.

चौथी पायरी: तिकीट

छापील तिकीट आता जवळजवळ नाहीसे झाले आहे. तिकीट फोनमध्येच असते, आणि त्यावरचा बारकोड बहुधा सतत बदलत राहणारा असल्यामुळे त्याचा स्क्रीनशॉट काढून मित्राला पाठवून चालत नाही. संबंधित अ‍ॅपमधूनच ते दुसऱ्याच्या नावावर करावे लागते. चौघे जाणार असाल आणि चारही तिकिटे एकाच्या फोनमध्ये असतील, तर चौघांनी एकत्रच आत शिरावे किंवा आदल्या रात्री ती वाटून टाकावीत. दारावर हजारो लोक एकाच वेळी फोन उघडतात तेव्हा नेटवर्क रडत असते, म्हणून तिकीट घरूनच फोनच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवावे.

आणि फोन पूर्ण चार्ज करावा. हे मी अनुभवाने सांगतो. एका सामन्याला फोटो काढत काढत गेलो आणि दाराशी पोहोचलो तेव्हा बॅटरी दोन टक्क्यांवर होती. माझ्यापुढे सहा जणांची रांग. बायको म्हणाली, ‘‘आता त्याच्याकडे बघूसुद्धा नकोस.’’ आम्ही आत शिरलो आणि फोन बंद पडला. त्यानंतर आसन क्रमांक आठवणीवर शोधावा लागला, आणि एका आजोबांना त्यांच्या जागेवरून उठवून पुन्हा क्षमा मागून बसवावे लागले.

किमतीबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, सेवाशुल्क धरून होणारी शेवटची रक्कमच पाहावी. मे २०२५ पासून अमेरिकेत तिकीट विकणाऱ्यांना शुल्कासकट किंमत सुरुवातीलाच दाखवणे बंधनकारक झाले आहे, त्यामुळे तुलना करणे सोपे झाले. दुसरी, आधी घेतलेले तिकीट जमत नसेल तर अधिकृत मार्गाने परत विकता येते, आणि तशी पुन्हा विकायला आलेली तिकिटे कमी मागणीच्या सामन्याला सुरुवातीच्या काही तास आधी उतरतात. मैदानाबाहेर रस्त्यावर तिकीट दाखवत फिरणाऱ्याकडून मात्र काहीही घेऊ नये.

आसन कुठले घ्यावे हा प्रश्न उन्हाचा आहे. रिग्लीच्या सीमेकडच्या बाकांवर, ज्यांना ‘ब्लीचर्स’ म्हणतात, जुलैच्या दुपारी छप्पर नसते आणि शेजारी बिअर पिणारी तरुण मंडळी असतात. आईवडील भारतातून आले असतील तर त्यांना वरच्या मजल्यावर, फलंदाज उभा राहतो त्या घरच्या बेसच्या मागे, सावलीतली जागा घ्यावी. रिग्ली जुने असल्यामुळे काही आसनांपुढे खांब येतो. तिकिटावर दृष्टी अडते असे लिहिलेले असेल तर ते खरे मानावे.

पाचवी पायरी: जाणे, कपडे आणि बॅग

कब्जसाठी रेड लाइनचे अ‍ॅडिसन स्थानक, व्हाइट सॉक्ससाठी त्याच लाइनचे सॉक्स–३५ वे स्थानक. दोन्हीकडे उतरून गर्दीमागे चालत राहिले की मैदान येते. नेपरव्हिल किंवा ऑरोराहून येणाऱ्यांनी मेट्राच्या बीएनएसएफ लाइनने युनियन स्टेशन गाठावे आणि तिथून पुढे शहरी गाडी किंवा बस धरावी. युनायटेड सेंटरला मॅडिसन रस्त्यावरची २० क्रमांकाची बस जाते, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये उघडलेले ग्रीन लाइनचे डेमन स्थानक तिथून चालण्याच्या अंतरावर आहे. सोल्जर फील्डला रूझवेल्ट स्थानकावरून तळ्याच्या दिशेने वीसेक मिनिटे चालावे लागते. परतीच्या शेवटच्या मेट्राची वेळ निघण्याआधी कागदावर लिहून ठेवावी. बेसबॉलमध्ये बरोबरी झाली तर जादा डाव होतात, आणि गाडी कोणासाठी थांबत नाही.

रिग्लीच्या आसपास मोटार घेऊन जाण्याचा विचार सोडून द्यावा. रात्रीच्या सामन्याला भोवतालच्या गल्ल्यांत फक्त रहिवाशांचा परवाना असलेल्या गाड्यांनाच जागा असते, पाट्या बारीक अक्षरांत असतात, आणि उचलून नेलेली गाडी सोडवण्याचा खर्च चार तिकिटांहून जास्त होतो.

कपड्यांबद्दल जरा विस्ताराने सांगायला हवे, कारण आपली माणसे इथेच फसतात. दिनदर्शिकेत एप्रिल म्हणजे वसंत असला तरी मिशिगन सरोवरावरून वारा मैदानात शिरला की वसंत फक्त दिनदर्शिकेतच राहतो. माझा पहिला सामना एप्रिलमधल्या एका मंगळवारी रात्री होता. दुपारी कचेरीतून निघताना ऊन होते म्हणून मी पातळ स्वेटरवर गेलो. नऊपैकी तिसऱ्या डावापर्यंत बोटे बधिर झाली, पाचव्या डावात मी हात गरम करण्यासाठी कॉफी घेतली आणि सातव्या डावात केवळ आतल्या छपराखालच्या वाटेवर उभे राहता यावे म्हणून दुसरी. शेजारच्या बाई मात्र घोंगडी, लोकरी टोपी आणि हातमोजे घालून निवांत शेंगा सोलत होत्या. मे महिना उलटेपर्यंत त्यांचे अनुकरण करावे. बेअर्सचा डिसेंबरातला सामना पाहायचा असेल तर पायाखाली पुठ्ठा ठेवतात, काँक्रीटची थंडी बुटाच्या तळव्यातून वर चढते म्हणून.

बॅगेचे नियम जागेगणिक वेगळे आहेत आणि ते कडक आहेत. फुटबॉलच्या मैदानावर फक्त पारदर्शक पिशवी चालते, तीही १२ इंच लांब, ६ इंच रुंद आणि १२ इंच उंच यांहून मोठी नको. त्याशिवाय तळहाताएवढी छोटी पर्स चालते. युनायटेड सेंटरला खिशात मावेल तेवढेच न्यावे, हे उत्तम. कचेरीतून पाठीवरच्या लॅपटॉपच्या बॅगेसह थेट सामन्याला जाणाऱ्याची दारात काय गत होते, ते मी एकदा भोगले आहे: बाहेर उभ्या असलेल्या खासगी लॉकरवाल्याला पैसे मोजून पहिला अर्धा तास खेळ सोडावा लागला. बेसबॉलची मैदाने खाण्याच्या बाबतीत उदार आहेत. दोन्हीकडे घरचे थोडे खाणे नेता येते, म्हणून पोळीचा रोल करून नेणारी मंडळी मी पाहिली आहेत. निघण्यापूर्वी संघाच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचे नियम एकदा वाचावेत. एकदा आत गेल्यावर बाहेर पडून पुन्हा येता येत नाही, हेही ध्यानात असावे.

शाकाहारी माणसाची आत उपासमार होत नाही. पॉपकॉर्न, शेंगा, प्रेट्झेल आणि नाचो सगळीकडे असतात. रेट फील्डवरचे ‘एलोते’ विशेष प्रसिद्ध आहे: मक्याचे दाणे, त्यावर लोणी, चीज, तिखट आणि लिंबू. आपल्याकडच्या पावसाळी कणसाचा हा मेक्सिकन चुलतभाऊ. फक्त त्यात मेयोनेझ घालतात, आणि अंडे चालत नसेल तर ते घालू नका म्हणून आधीच सांगावे. शिकागोच्या हॉट डॉगवर मोहरीची चटणी, कांदा, टोमॅटो, काकडीचे लोणचे, मिरच्या आणि सेलरीचे मीठ घालतात, पण केचप घालत नाहीत; मागितलेत तर विक्रेता देईल, पण आपल्याकडे मिसळीवर कुणी टोमॅटो सॉस मागितल्यावर पाहावे तसे पाहील.

सहावी पायरी: बसल्यावर काय पाहावे

क्रिकेट जाणणाऱ्याने चार फरक लक्षात घेतले की बेसबॉलचा बराचसा खेळ समजतो. चेंडू टप्पा न घेता येतो. तो दोन पांढऱ्या रेषांच्या आत, म्हणजे साधारण नव्वद अंशांच्या कोनात मारावा लागतो. लेट कट आणि लेग ग्लान्स इथे फटके नव्हेत, ते ‘फाऊल’. चेंडू रेषांच्या आत जमिनीवर पडला की धावणे फलंदाजाच्या मर्जीवर नसते, बॅट टाकून पळावेच लागते. आणि तीन जण बाद झाले की संघाचा तो डाव संपतो. असे नऊ डाव दोन्ही संघांना आळीपाळीने मिळतात. फलंदाजाने तीन स्ट्राइक, म्हणजे मारण्याजोगे किंवा हुकलेले चेंडू, घालवले की तो बाद, पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) चार चेंडू स्ट्राइकच्या चौकटीबाहेर टाकले आणि फलंदाजाने ते सोडून दिले की त्याला पहिला बेस (धावताना गाठायचा थांबा; असे चार गाठले की एक धाव) फुकट. धावा दोन-चारच होतात, म्हणून ४-२ हा धावफलक पाहून खेळ रटाळ झाला असे समजू नये. खरी झुंज पिचर आणि फलंदाज यांच्यात प्रत्येक चेंडूला चाललेली असते, आणि ती पाहायला शिकलात की पैसे वसूल झाले.

२०२३ पासून पिचरला घड्याळ लावले आहे. बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो. त्यामुळे सामना आता अडीच ते पावणेतीन तासांत आटोपतो. प्रेक्षकांत आलेला चेंडू ज्याने पकडला त्याचा; तो परत करावा लागत नाही. रिग्लीच्या ब्लीचर्समध्ये मात्र पाहुण्या संघाचा होमरन (भिंतीपलीकडे मारलेला फटका) हाती आला तर तो मैदानात परत फेकण्याची रीत आहे, आणि न फेकणाऱ्याला आजूबाजूचे लोक फेकेपर्यंत सोडत नाहीत.

रिग्ली १९१४ साली बांधले गेले आणि कब्ज तिथे १९१६ पासून खेळतात. मैदानाच्या सीमेवरच्या विटांच्या भिंतीवर १९३७ मध्ये लावलेली वेल अजून आहे. चेंडू तिच्या पानांत अडकला तर क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि फलंदाजाला दोन बेस मिळतात, म्हणून हात घालून शोधण्याच्या भानगडीत तो पडत नाही. धावफलकही त्याच वर्षीचा, आणि आकडे आजही आत बसलेली माणसे हाताने बदलतात. या मैदानावर रात्रीचे दिवे थेट १९८८ साली आले. २०१६ मध्ये कब्जनी १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा आजोबांच्या आठवणीने रडणारी माणसे या शहरात घरोघरी होती. रेट फील्ड १९९१ चे, त्याला असे वार्धक्याचे देखणेपण नाही. तिथे घरच्या खेळाडूने होमरन मारला की धावफलकावरून आतषबाजी होते आणि मुले खूश होतात.

सातवी पायरी: मग बाकीचे संघ

बेअर्सचा एक तरी सामना दूरचित्रवाणीवर पाहिल्याशिवाय शिकागोतला सोमवार समजत नाही. हा संघ १९२० मध्ये डिकेटर गावात सुरू झाला, पुढच्या वर्षी शिकागोत आला, आणि त्याचे सुपर बोलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचे, एकुलते एक विजेतेपद जानेवारी १९८६ चे आहे, ४६-१० असे. त्या संघातल्या खेळाडूंची नावे चाळीस वर्षांनीही लोक पाठ म्हणतात. खेळाचे सूत्र एवढे: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न. विस्कॉन्सिनचे ग्रीन बे पॅकर्स हे जुने वैरी, आणि त्या सामन्याचे तिकीट पहिल्या वर्षी घेऊ नये. मैदानाच्या वाहनतळावर गाडीची डिकी उघडून सकाळपासून शेगडी पेटवतात, त्याला ‘टेलगेट’ म्हणतात. कुणी बोलावले तर जरूर जावे, सामन्याचे तिकीट नसले तरी.

बुल्सची ओळख मायकेल जॉर्डनमुळे आपल्याला भारतातच झालेली असते. १९९१ ते १९९३ आणि १९९६ ते १९९८ अशी सहा विजेतेपदे. जॉर्डनचा पुतळा युनायटेड सेंटरच्या आतल्या दालनात आहे. १९९८ नंतर एकही विजेतेपद नाही, तरी गर्दी असते. हॉकीचा ब्लॅकहॉक्स संघ १९२६ पासूनचा, आणि २०१०, २०१३, २०१५ अशी तीन विजेतेपदे त्यांनी सहा वर्षांत मिळवली. त्यांच्या सामन्याआधी राष्ट्रगीत चालू असताना प्रेक्षक मोठ्याने जल्लोष करतात. आपल्याला ते खटकते, पण इथे तो अनादर नव्हे, जुनी प्रथा आहे. इतर खेळांत मात्र राष्ट्रगीताला टोपी काढून शांत उभे राहावे.

फायर हा सॉकरचा संघ. १८७१ च्या प्रचंड आगीच्या तारखेला, ८ ऑक्टोबरला, १९९७ मध्ये त्याची घोषणा झाली आणि पहिल्याच हंगामात त्याने विजेतेपद मिळवले. स्काय संघाने महिलांच्या बास्केटबॉलचे विजेतेपद २०२१ मध्ये जिंकले. खेळात मुलींची वाट काय असते, हे लेकीला दाखवायचे असेल तर स्कायचा उन्हाळी सामना मी सर्वांत आधी सुचवीन.

आठवी पायरी: कॉलेजचे संघ, ज्यांना आपण विनाकारण वगळतो

विद्यापीठाच्या संघाचा सामना म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, अशी आपली समजूत असते आणि ती फार अपुरी आहे. इथे मोठ्या विद्यापीठांचे सामने देशभर दाखवले जातात, प्रशिक्षकाचा पगार कुलगुरूहून जास्त असू शकतो, आणि पदवी घेऊन तीस वर्षे झालेली माणसे संघाच्या रंगाचा सदरा घालून येतात. नॉर्थवेस्टर्नचा रंग जांभळा. हे विद्यापीठ ‘बिग टेन’ या बलाढ्य गटात आहे. त्याचे जुने फुटबॉल मैदान २०२४ मध्ये पाडून त्याच जागी सुमारे ३५,००० आसनांचे नवे उभारायला घेतले, म्हणून फुटबॉलचा सामना कुठे आहे ते तिकिटावर पाहूनच निघावे. नॉर्थवेस्टर्नच्या मुलींचा लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा खेळ) संघ तर २००५ ते २०२३ या काळात आठ वेळा राष्ट्रीय विजेता ठरला, आणि तो पाहायला फारसे पैसेही पडत नाहीत.

लोयोलाच्या व्यायामशाळेत बास्केटबॉलचा सामना पाहायला गेलात, तर छताजवळच्या १९६३ च्या पताकेकडे पाहावे. इलिनॉय राज्यातल्या कोणत्याही विद्यापीठाने पुरुषांच्या बास्केटबॉलचे सर्वोच्च राष्ट्रीय विजेतेपद मिळवल्याची ती एकमेव खूण आहे. त्या संघाचे पहिल्या पाचांतले चार खेळाडू कृष्णवर्णीय होते. त्या स्पर्धेत त्यांची गाठ मिसिसिपी स्टेटच्या पूर्ण गोऱ्या संघाशी पडली. कृष्णवर्णीयांशी खेळू नये म्हणून त्या संघाला न्यायालयाचा मनाईहुकूम निघाला होता, आणि तो हातात पडण्याआधी संघ गुपचूप राज्याबाहेर निघून सामन्याला आला. दोन्ही कर्णधारांनी हस्तांदोलन केले. लोयोला ६१-५१ ने जिंकले.

शिकागो विद्यापीठाची गोष्ट उलटी आहे. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला मिळणारा हाइझमन पुरस्कार १९३५ साली पहिल्यांदा दिला गेला, तो याच विद्यापीठाच्या जे बर्वँगरला. चारच वर्षांनी विद्यापीठाने हा खेळ अभ्यासाच्या आड येतो म्हणून बंद केला, मैदान ओस पडले, आणि २ डिसेंबर १९४२ रोजी त्याच मैदानाच्या गॅलरीखाली जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवण्यात आली. आता तिथे ग्रंथालय आहे. विद्यापीठाचा फुटबॉल १९६९ मध्ये परत आला, पण खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या तिसऱ्या श्रेणीत. शनिवारी दुपारी तिथे जाऊन बसणे हा स्वस्त आणि सुखाचा बेत आहे.

कॉलेज बास्केटबॉलच्या मार्चमधल्या ६८ संघांच्या स्पर्धेला कचेरीत एक कोरा तक्ता फिरतो आणि कोण जिंकेल ते प्रत्येकाने भरायचे असते. काही कळत नसले तरी भरावा. खेळातले सर्वांत जाणते लोकच बहुधा पहिल्या दोन दिवसांत बाद होतात.

कामाच्या धबडग्यात महिनोन्‌महिने एकही सामना पाहणे जमले नाही, तरी रिग्लीचा निकाल रेड लाइनवरून फुकट कळतो. दुपारचा सामना असेल त्या संध्याकाळी अ‍ॅडिसन स्थानकात गाडी थांबली की पश्चिमेकडच्या खिडकीतून धावफलकाच्या वरच्या काठीकडे पाहावे. पांढऱ्या कापडावर निळे ‘डब्ल्यू’ असेल तर कब्ज जिंकले. निळ्यावर पांढरे ‘एल’ असेल तर हरले, आणि मग पुढच्या दोन स्थानकांत डब्यात चढणाऱ्यांशी जरा जपून बोलावे.